मदत हवी आहे: स्पेंटवॉशचा डायजेस्टर आंबलाय, गॅस निम्म्यावर (वाळवा, सांगली)

मळीवर चालणारी डिस्टिलरी. तिचं सांडपाणी (स्पेंटवॉश) जिवाणूंकडून कुजवून गॅस काढणारी बंद टाकी, म्हणजे डायजेस्टर, ३,००० घनमीटरचा. हंगाम सुरू होताच फीड (आत सोडायचा स्पेंटवॉश) दोन दिवसांत दिवसाला ११० वरून १५० घनमीटरवर नेलं. सीओडी (सांडपाण्यातल्या सेंद्रिय भाराचं माप) लिटरला १ लाख मिलिग्रॅम. आठवड्यात पीएच ७.४ चा ६.८ झाला. व्हीएफए (कुजताना बनणारी आम्लं) ९,०००, अल्कलिनिटी (आम्ल झेलण्याची क्षमता) १४,०००, दोन्ही लिटरला मिलिग्रॅममध्ये. रोजचा गॅस ३,५०० वरून २,००० घनमीटरवर, मिथेन ५८ वरून ४६ टक्के. बर्नर टिकत नाही. आतलं तापमान ४१ आहे. चुना किती टाकावा?

प्रतिसाद १
चुना अजिबात नको. स्पेंटवॉशमध्ये सल्फेट भरपूर असतं, चुन्याने त्याचा जिप्सम होतो आणि पाइपात दगडासारखा बसतो. शिवाय चुना गॅसमधला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, आत व्हॅक्यूम होऊन छत दबू शकतं.

पीएच सगळ्यात शेवटी पडतो. रोज बघायचं ते व्हीएफए भागिले अल्कलिनिटी. ०.३ च्या आत ठीक, ०.५ च्या वर फीड बंद. तुमचं ०.६४ आहे. आजच फीड थांबवा, स्लज (आतला जिवाणूंचा गाळ) फिरवत ठेवा.

आणि ४१ अंश तुम्ही सहज लिहिलंय, पण मला मूळ दुखणं तिथंच दिसतं. मिथेन बनवणारे हे जिवाणू ३६ ते ३८ ला नीट चालतात. डिस्टिलेशनमधून स्पेंटवॉश उकळत्यासारखा येतो. फीड वाढलं आणि तो थंड करणाऱ्या कूलरच्या प्लेटा चोंदलेल्या असतील, तर उष्णता थेट आत जाते. कूलर धुवा, मात्र धुतलेलं ॲसिड-कॉस्टिकचं पाणी डायजेस्टरकडे जाऊ देऊ नका.

धागाकर्ता
कूलरच्या आउटलेटला ५२ अंश निघालं. फीड बंद केलंय. सोडा बायकार्ब चालेल?

प्रतिसाद १
चालेल, पण हिशेब बघा: अल्कलिनिटी १,००० ने वाढवायला तुमच्या टाकीला सुमारे ५ टन लागेल. स्पेंटवॉशमध्ये पोटॅशियम आधीच जास्त, त्यात सोडियमची भर नको. पीएच ६.५ कडे घसरला तरच द्या. गुणोत्तर ०.३ खाली आलं की ३५ घनमीटरने सुरुवात करा, दर तीन दिवसांनी दहा टक्के वाढवा. गुणोत्तर चढलं तर तिथेच थांबा.

प्रतिसाद २
पीएच उतरला की पाण्यात विरघळलेला हायड्रोजन सल्फाइड जास्त विषारी होतो, जिवाणूंनाही आणि गॅसमध्ये येऊन माणसांनाही. १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं, वास थांबला म्हणजे गॅस नाही असं समजू नका. सॅम्पल काढायला कुणालाही गॅस मीटरशिवाय किंवा एकट्याला पाठवू नका. बर्नर घेत नसलेला गॅस फ्लेअरला (जादा गॅस जाळायच्या नळकांड्याला) जाळा. पेटत नसेल तर पायलटला (फ्लेअर पेटता ठेवणाऱ्या छोट्या ज्योतीला) एलपीजी जोडा.