शब्दचर्चा : वेदन, वेदना आणि संवेदन

प्रश्न

माझी भाची यंदा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. माध्यम मराठी, विषय मानसशास्त्र. काल फोनवर म्हणाली, "मावशी, धड्याचं नाव 'वेदन, अवधान आणि संवेदन' आहे. वेदन म्हणजे दुखणं ना? मग त्यात रंग आणि आवाज कुठून आले?" मी मराठी शिकवते, पण मला तिला उत्तर देता आलं नाही. वेदन आणि वेदना एकच असतील तर धड्यात डोळ्याची आकृती कशाला? आणि संवेदन म्हणजे आपण 'संवेदनशील मन' म्हणतो त्यातलंच का? व्याख्या तिने पाठ केली आहे, पण ती तिला समजावी अशी माझी फार इच्छा आहे. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

ताई, हा धडा मी बरीच वर्षं मराठीतून शिकवला. पहिल्या तासाला दरवर्षी हाच प्रश्न येतो आणि तो यायलाच हवा. मी फळ्यावर आधी 'निवेदन' हा शब्द लिहितो. तहसीलदारांना निवेदन देतात, कार्यक्रमाला निवेदक असतो. त्यात दुखतं कुठे? या शब्दांचं मूळ संस्कृत धातू 'विद्', म्हणजे जाणणं. निवेदन म्हणजे कळवणं, आणि वेदन म्हणजे नुसतं कळणं. पाली भाषेतल्या बौद्ध ग्रंथांत वेदना तीन प्रकारच्या सांगितल्या आहेत : सुखाची, दुःखाची आणि दोन्ही नसलेली. मराठीत 'सुखाची वेदना' म्हटलं तर लोक चमकतील, कारण आपल्याकडे या शब्दाची दुखरी बाजू तेवढी उरली. 'मला कळलं' आणि 'पोटात कळ आली' हे दोन प्रयोगही असेच एकमेकांशेजारी बसतात.

भाचीला दाताच्या डॉक्टरांचं उदाहरण द्या. दात काढायच्या आधी हिरडीत भुलीचं इंजेक्शन देतात. मग डॉक्टर दाबतात ते कळतं, ओढतात तेही कळतं, पण दुखत नाही. म्हणजे दाबाचं वेदन आहे, वेदना नाही. एवढं एक उदाहरण पटलं की डोळ्याची आकृती तिथे का आहे हे सांगावं लागत नाही. प्रकाश डोळ्यात शिरला, कंप कानाच्या पडद्यावर आदळले, इंद्रियाने त्याची वार्ता मेंदूकडे पाठवली, की झालं वेदन.

त्या वार्तेचा अर्थ लागणं म्हणजे संवेदन. इथे मी म्युलर-लायर या जर्मन अभ्यासकाच्या दोन रेघा काढतो. 1889 सालची ही आकृती जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. रेघा तंतोतंत सारख्या, पण एकीच्या टोकांना आत वळलेली पाती, बाणाला असतात तशी, आणि दुसरीची पाती बाहेर फाकलेली. बाहेर फाकलेली रेघ लांब दिसते. एखाद्या मुलाला पुढे बोलावून पट्टीने मोजायला लावतो. तो मोजतो, सारख्याच आहेत म्हणतो, जागेवर जाऊन बसतो आणि त्याला ती रेघ तरीही लांबच दिसते! डोळ्यापर्यंत आलेलं माप सारखं आहे, पण मेंदूने लावलेला अर्थ वेगळा आहे, आणि खरं माहीत झालं तरी तो बदलत नाही. वेदन आणि संवेदन या दोघांमधली फट याहून स्वच्छ दाखवणारं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही.

आपली जुनी दोरी-सापाची गोष्टही इथे चपखल बसते. संधिप्रकाशात अंगणातली दोरी साप वाटली, म्हणजे वेदन दोरीचं आणि संवेदन सापाचं. याला भ्रम म्हणतात. समोर काहीच नसताना साप दिसला तर तो विभ्रम.

प्रतिसाद

सरांचं विवेचन पटलं, पण एक अडचण मांडतो. मी स्पर्धा परीक्षेसाठी मानसशास्त्र हिंदी पुस्तकांतून वाचलं. तिथे 'संवेदन' किंवा 'संवेदना' म्हणजे पहिली पायरी, म्हणजे तुमचं वेदन. दुसऱ्या पायरीला ते 'प्रत्यक्षण' म्हणतात. शब्द तोच, आणि अर्थ एक पायरी खाली! एका धड्याच्या नावात 'प्रात्यक्षिक प्रक्रियाएँ' होतं, ते मी प्रयोगवहीचं प्रकरण समजून शेवटी वाचायला ठेवलं होतं. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात गेलो, तिथेही संवेदना म्हणजे अंगावर उठणारी खाज, ऊब, मुंग्या, म्हणजे पुन्हा पहिलीच पायरी. अशा स्थितीत काही मराठी पुस्तकं दुसऱ्या पायरीला 'अवबोध' म्हणतात, तेच सगळीकडे का वापरू नये?

प्रतिसाद

दादा, अडचण खरी आहे. दोन भाषांतली पुस्तकं शेजारी ठेवून वाचणाऱ्याने पहिल्याच दिवशी वहीत हा फरक लिहून ठेवावा, नाहीतर बरोबर येत असलेलं उत्तर चुकतं. 'अवबोध' मलाही आवडतो. पण त्यातल्या 'बोध'मुळे मुलांना वाटतं की विचार करून, समजून घेऊन काहीतरी करायचं आहे. संवेदन तसं नसतं, ते आपसूक होतं.

शिवाय 'सम्' या उपसर्गात एकत्र आणण्याचा अर्थ आहे. जिभेवर गोड, नाकात आल्याचा वास, बोटांना कपाची धग, ही वेदनं सुटी सुटी येतात आणि आपण म्हणतो, 'चहा'. ते 'चहा' म्हणणं म्हणजे संवेदन. हे जोडणं 'अवबोध' या शब्दात मला ऐकू येत नाही. आणि 'संवेदन' हा शब्द पुस्तकांसाठी काल घडवलेला नाही. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत 'स्वसंवेद्या' आहे : स्वतःच स्वतःला जाणता येण्याजोगा. तिथे कळवळा नाही, जाणणं आहे. 'संवेदनशील मन' हा अर्थ आपल्या वर्तमानपत्री मराठीत रुळला आहे, तो तिथे राहू दे, पण धड्यात आणू नये.

मधल्या 'अवधान'ची भीती वाटायचं कारण नाही. 'अनवधानाने चूक झाली' हे आपण रोज म्हणतो. त्यातला नकार काढला की धड्यातला शब्द हाती येतो.

प्रश्नकर्ती

सर, दादा, मनापासून आभार. काल रात्री भाचीला सगळं वाचून दाखवलं. निवेदनापाशी ती "अच्छा!" म्हणाली आणि दातापाशी हसली, मागच्याच महिन्यात तिने अक्कलदाढ काढून घेतली आहे. मग तिने स्वतःच सांगितलं, की वसतिगृहाच्या गॅलरीत वाळत घातलेला रेनकोट तिला पहाटे उभा माणूस वाटला होता आणि ती किंचाळली होती. "मावशी, हा विभ्रम का?" मी विचारलं, "रेनकोट होता ना तिथे?" क्षणभर थांबून म्हणाली, "हो. मग भ्रम."