१६ कॅमेरे बदलायचेत, पण इथे कंपन्याच बदलत चालल्यात, भरवसा कशावर ठेवायचा?

फाटकावरचा_१६

नमस्कार मंडळी. एका संस्थेच्या इमारतीतले कॅमेरे सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. १६ कॅमेरे, एक एनव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर), सगळं जुनं, बहुतेक १०८०पी. मागच्या महिन्यात रात्री फाटकातून कोणीतरी आत आलं आणि एकाची सायकल घेऊन गेलं, फुटेज काढलं तर माणूस दिसतोय, जॅकेटही दिसतंय, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता राखाडी डाग. ज्याची सायकल गेली तो माझ्या शेजारी उभा राहून तेच सात सेकंद परत परत बघत होता आणि मला त्याला काही सांगता येईना. तेव्हाच ठरवलं की आता सिस्टिम बदलायची.

आता अडचण अशी की तीन आठवडे नवीन प्रॉडक्ट्सबद्दल वाचतोय आणि डोकं पार गरगरतंय. एक नाव कागदावर लिहिलं की दोन दिवसांनी कळतं ती कंपनी विकली गेली, नाहीतर नाव बदललं. बॉशचा व्हिडिओचा धंदा बॉशकडे राहिलेला नाही, सॅमसंगवाले कॅमेरे आता हानव्हा आहेत, पॅनासॉनिकचे आय-प्रो झाले. त्यात कोणी म्हणतं एआयवाला घ्या, कोणी म्हणतं रात्री रंगीत दिसणारा घ्या, कोणी म्हणतं रेकॉर्डरच नको, सगळं क्लाउडवर टाका. सरळ सगळीकडे ४के लावले तर चेहरा दिसेल का? आणि आज घेतलेली वस्तू सात-आठ वर्षं चालेल की नाही हे आधी ओळखायचं कसं? प्लीज अनुभवी लोकांनी सांगा.

क्रिम्पिंग_टूल

दादा, कंपनीचं नंतर बघू, आधी तुमच्या त्या राखाडी डागाचं बोलू, कारण तो डाग नवीन सिस्टिममध्येही जसाच्या तसा येऊ शकतो, मी हे बऱ्याच ठिकाणी बघितलंय.

चेहरा ओळखायचा तर माणूस जिथून जातो तिथे दर मीटर रुंदीला निदान २५० पिक्सेल लागतात. हे माझ्या मनाचं नाहीये, आयईसी ६२६७६-४ नावाच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच्या २०१४ च्या आवृत्तीत आहे. नुसतं कोणीतरी आहे एवढं कळायला २५ पुरतात, ओळखीचा माणूस आहे का हे कळायला १२५, आणि अनोळखी माणूस नक्की कोण हे सांगायला २५०. आता भागाकार करा. १०८०पी म्हणजे आडवे १९२० पिक्सेल, २५० ने भागले की साधारण साडेसात मीटर. ४के म्हणजे ३८४०, तिथे पंधरा मीटर. याच्यापेक्षा रुंद जागा त्या कॅमेऱ्यात घेतली की चेहऱ्याची आशा सोडा. तुमच्या फाटकाच्या कॅमेऱ्यात माणूस चालतो त्या रेषेवर किती मीटर रुंदी मावते ते टेप लावून मोजा, मग बोला.

दुसरी गोष्ट शटर. रात्री उजेड कमी पडला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. समजा १/२५ सेकंद. माणूस साधारण दीड मीटर सेकंदाला चालतो, म्हणजे तेवढ्यात ६ सेंटिमीटर पुढे सरकला. २५० पिक्सेलच्या हिशोबात चेहरा असतो ४० पिक्सेलचा आणि त्यातले १५ पिक्सेल पुसटून गेले. पळत असेल तर अख्खा चेहराच गेला. रात्री रंगीत दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांचे डेमो बघताना हे डोक्यात ठेवा, लेन्स खरंच चांगल्या आल्यात, एफ१.० पर्यंत उघडणाऱ्या, म्हणजे पुष्कळ उजेड आत घेणाऱ्या मिळतात, पण डेमोत पार्किंगमधली उभी गाडी असते, ती थोडीच हलते. विक्रेत्याला सांगा की अंधारात कॅमेऱ्यासमोरून माणूस चालत जाऊ दे आणि तिथे व्हिडिओ पॉज करून दाखव.

नोंदवही

वरच्यांनी फाटकाचं बरोबर सांगितलं. मी कंपन्यांच्या प्रश्नावर लिहितो कारण ते मी बरीच वर्षं बघतोय.

विक्री झाली म्हणजे वाईटच असं नाही हो. अ‍ॅक्सिसचंच बघा, १९८४ ची स्वीडनची कंपनी, १९९६ मध्ये पहिला नेटवर्क कॅमेरा यांनीच आणला, कॅननने २०१५ मध्ये घेतली. तेव्हा पुष्कळ लोक घाबरले होते. त्यानंतरही त्यांनी स्वतःची चिप बनवणं सोडलं नाही, आर्टपेक-९ आली त्यात तर एव्ही१ कोडेकसुद्धा (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) आहे. डेन्मार्कची माइलस्टोन २०१४ पासून कॅननचीच, तरी त्यांच्या एक्सप्रोटेक्ट या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या कंपन्यांचे हजारो कॅमेरे चालतात. उलट मोटोरोला सोल्युशन्सने २०१८ मध्ये अ‍ॅव्हिजिलॉन घेतली, २०२० मध्ये पेल्को, मग ओपनपाथ, मग अ‍ॅव्हा, आणि नंतर क्लाउडवालं सगळं अल्टा नावाखाली आणलं. असं एकत्रीकरण होतं तेव्हा आपण नेमकं काय विचारायचं, तर मी आज घेतोय ते मॉडेल कोणत्या फांदीवर आहे, जिला पुढे पालवी फुटणार तिच्यावर की जी वाळू दिली जाणार तिच्यावर. विकणाऱ्याकडून हे लेखी घ्या. बॉशचा सुरक्षा उपकरणांचा धंदा ट्रायटन नावाच्या गुंतवणूक कंपनीने घेतला, २०२५ पासून तो कीनफिनिटी नावाने चालतो, तिथेही हाच प्रश्न विचारा. हानव्हाने सॅमसंग टेकविन २०१५ मध्ये घेतली आणि हानव्हा व्हिजन हे नाव २०२३ मध्ये आलं, म्हणजे नाव नवं असलं तरी घर जुनंच आहे.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, ओएनव्हीआयएफ. २००८ मध्ये अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून हे सुरू केलं की कोणाचाही कॅमेरा कोणाच्याही रेकॉर्डरला जोडता यावा. पण नुसतं खोक्यावर ओएनव्हीआयएफ छापलंय एवढ्यावर जाऊ नका, प्रोफाइल कोणती ते बघा. एस ही जुनी, साधी स्ट्रीमिंगची. टी मध्ये एच.२६५ (कमी जागेत व्हिडिओ मावणारा कोडेक) वगैरे येतं. जी रेकॉर्डिंगची, आणि एम २०२१ ची, ती एआयने काढलेल्या माहितीची, म्हणजे माणूस की गाडी, कपड्याचा रंग, असल्या गोष्टी. ओएनव्हीआयएफच्या साइटवर प्रमाणित मॉडेल्सची यादी आहे, तुमचं मॉडेल फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) नंबरसकट तिथे सापडलं पाहिजे. उद्या कंपनी बुडाली तरी कॅमेरा दुसऱ्या रेकॉर्डरला लागतो, माझ्याकडे एका बंद पडलेल्या कंपनीचे सहा कॅमेरे असेच अजून चालू आहेत.

बंद_पोर्ट

मला एक गोष्ट अगदी कळकळीने सांगायचीय. कॅमेरा म्हणजे भिंतीवर टांगलेला कॉम्प्युटर आहे आणि बहुतेक जण तो एकदा लावला की फर्मवेअरकडे ढुंकूनही बघत नाहीत. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने काय केलं, कंपनीतून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डर) शोधून शोधून ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच जोरावर डाइन (Dyn) या डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला, मोठमोठ्या साइट्स बंद पडल्या. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये हिकव्हिजन या चिनी कंपनीच्या कितीतरी मॉडेल्समध्ये अशी त्रुटी जाहीर झाली की लॉगिन न करता कॅमेऱ्याचा पूर्ण ताबा मिळत होता, गांभीर्य १० पैकी ९.८. दुरुस्तीचं फर्मवेअर आलं, पण ते टाकलं किती जणांनी? इथेच सगळं अडतं.

क्लाउडचं विचारलंत ना. क्लाउड सोयीचं आहे, फर्मवेअर आपोआप अपडेट होतं हा खरंच मोठा फायदा. पण २०२१ च्या मार्चमध्ये वर्काडा या क्लाउड कॅमेऱ्यांच्या कंपनीचं एक अ‍ॅडमिन खातं हॅकर्सच्या हाती लागलं आणि सुमारे दीड लाख कॅमेरे एकदम उघडे पडले, त्यात हॉस्पिटलं होती, तुरुंग होते, शाळा होत्या. आणि दुसरी बाजू म्हणजे आयुष्य, गूगलने ८ एप्रिल २०२४ ला ड्रॉपकॅम हे आपले जुने क्लाउडवाले कॅमेरे बंद केले, कॅमेरे धडधाकट होते पण सर्व्हर गेला की ते नुसते प्लास्टिक. म्हणून क्लाउड घ्यायचा तर असा घ्या की इंटरनेट गेलं, सबस्क्रिप्शन संपलं तरी कॅमेरा आतल्या कार्डावर किंवा जागेवरच्या रेकॉर्डरवर लिहीत राहील.

अजून एक, कॅमेऱ्यावर नाव एकाचं आणि आतला माल दुसऱ्याचा असं या धंद्यात सर्रास चालतं. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याच्या कलम ८८९ ने हिकव्हिजन आणि तशाच दाहुआ या चिनी कंपनीची उपकरणं सरकारी खरेदीतून बाद केली, नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने नवीन मॉडेल्सची परवानगीही थांबवली, तरी इतर नावांच्या लेबलखाली त्यांचाच माल फिरतो. तुम्हाला तो चालणार असेल तर प्रश्न नाही, पण फर्मवेअर नेमकं कोण देणार हे माहीत पाहिजे ना. मॅक अ‍ॅड्रेसचे (यंत्राचा नेटवर्कवरचा स्वतःचा नंबर) पहिले सहा आकडे-अक्षरं कोणत्या कंपनीच्या नावावर आहेत ते शोधलं तर बऱ्याचदा खरा उत्पादक कळतो.

फाटकावरचा_१६

सगळ्यांचे मनापासून आभार, आज सुट्टी होती तर दिवसभर हेच केलं. फाटकाशी टेप धरली, कॅमेऱ्यात १२ मीटर रुंदी येतेय. म्हणजे १९२० भागिले १२, १६० पिक्सेल. कॅमेरा साडेचार मीटर उंचीवर आहे, टोपी घातलेला माणूस आला तर फक्त टोपीच दिसते. आणि शटर ऑटोवर होतं, सेटिंगमध्ये रात्रीचं १/१२ निघालं! म्हणजे त्या रात्री काही दिसणं शक्यच नव्हतं. इतकी वर्षं तो कॅमेरा तिथे आहे आणि मी रोज दिवसाचं चित्र बघून समाधानी होतो, रात्रीचं कधी तपासलंच नाही, याचं फार वाईट वाटतंय. फर्मवेअर २०१९ चं आहे आणि कंपनीच्या पानावर नवीन काहीच नाही.

आता सगळे १६ चे १६ ४के घ्यायचे का? आणि डिस्क किती लागेल? एआयचा खरंच उपयोग आहे का? संस्थेला ३० दिवसांचं फुटेज हवंय.

टेराबाइट

सगळे ४के नका घेऊ. एका कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा येतो तो, ४ एमबीपीएस धरला तर दिवसाला ४३ जीबी, १६ कॅमेऱ्यांचे ३० दिवस म्हणजे जवळजवळ २१ टीबी, आणि ४के ला ८ धरला की हेच दुप्पट. स्मार्ट कोडेकवाले म्हणतात निम्म्याहून कमी होईल, दिवसा रिकाम्या कॉरिडॉरमध्ये होतंही, पण रात्री अंधारात चित्रात दाणे येतात आणि कोडेकला ती हालचाल वाटते, बिटरेट चढतो. झाड हलत असेल तर तसंच. म्हणून डिस्कचा हिशोब रात्रीच्या आकड्यावर करा. एव्ही१ वाले कॅमेरे घेतलेत तर तुमचा रेकॉर्डर आणि बघायचा कॉम्प्युटर ते डिकोड करू शकतो का हे आधी तपासा, नाहीतर १६ खिडक्या एकदम उघडल्या की तो कॉम्प्युटर आडवा होईल.

एआयचं म्हणाल तर मला पूर्वी शंका होती, आता नाही. जुना मोशन डिटेक्शन रात्रभर पाऊस, कोळी आणि हेडलाइटसाठी वाजायचा, शेवटी लोक अलर्टच बंद करून टाकायचे. कॅमेऱ्यातच माणूस आणि गाडी ओळखणारी मॉडेल्स आली तशी ही कटकट बरीच कमी झाली. दुसरा फायदा शोधण्यात, लाल जॅकेटवाला माणूस, रात्री १ ते ४, असं टाकलं की यादी येते, तीन तासांचं फुटेज डोळे ताणून बघावं लागत नाही. पण त्यासाठी कॅमेरा आणि रेकॉर्डर दोघांनी प्रोफाइल एम बोललं पाहिजे, नाहीतर एकाच कंपनीचे घ्यावे लागतात. आणि तुमच्या फाटकाला एआय लावून चेहरा येणार नाही, जे पिक्सेल टिपलेच नाहीत ते कुठून आणणार.

क्रिम्पिंग_टूल

१/१२ वाचून सगळं कळलं. वाईट वाटून घेऊ नका दादा, मी जातो त्यातल्या निम्म्या ठिकाणी ऑटो शटरच असतं.

फाटकाला दोन कॅमेरे द्या. एक आहे तो राहू दे, सगळा भाग बघायला. दुसरा अडीच मीटर उंचीवर, माणूस जिथून आत शिरतो त्या अरुंद जागेवर रोखून, ४ मीटर रुंदी आली तर १०८०पी मध्येही ४८० पिक्सेल मिळतात. तिथे एक चांगला दिवा लावा आणि शटर १/१०० वर फिक्स करा, चित्र थोडं काळं दिसेल पण चेहरा राहील. दिवा कॅमेऱ्याच्या मागून यावा, समोरून नको. हा एक कॅमेरा आधी घ्या, आठ दिवस लावून बघा, रात्री स्वतः त्याच्यासमोरून चालत जा आणि इथे फ्रेम टाका, बाकीचे पंधरा त्यानंतर ठरवू.

फाटकावरचा_१६

दिवा आजच काढून ठेवलाय. शिडी मिळाली की उद्या संध्याकाळी लावतो, सायकलवाल्यालाच चालायला सांगणार आहे, तो तयार आहे. एक विचारायचं राहिलं, फाटकापर्यंत जुनी केबल साधारण ८० मीटर आहे, त्यावर पीओई (नेटवर्कच्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज) चालेल ना?

क्रिम्पिंग_टूल

१०० मीटरपर्यंत चालतं. फक्त केबल पूर्ण तांब्याची आहे का ते टोक सोलून, कापून बघा. आत पांढरट चमक दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे, ती बदला, एवढ्या लांबीवर रात्री आयआर (कॅमेऱ्यातले न दिसणाऱ्या प्रकाशाचे दिवे) सुरू झालं की व्होल्टेज पडून कॅमेरा रीस्टार्ट होत राहतो.