बसमध्ये छातीत धडधडते. हे डॉक्टरांना नेमके कसे सांगावे?

प्रश्न : खानापूर तालुक्यातील वाचक

नमस्कार. मी गावाहून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेबाच्या कामासाठी रोज बसने ये-जा करते. गेल्या चार महिन्यांत पाच-सहा वेळा असे झाले की, गर्दीच्या बसमध्ये एकाएकी छातीत धडधडू लागले, हातांना मुंग्या आल्या आणि आता आपले काही खरे नाही असे वाटले. एकदा तर वाटेतल्या मच्छे गावीच उतरून रस्त्याकडेला बसून राहिले. ईसीजी, थायरॉईड, हिमोग्लोबिन सर्व तपासून झाले. काही निघाले नाही. आता बसची वेळ जवळ आली तरी पोटात गोळा येतो, म्हणून यजमान दुचाकीवरून सोडतात आणि त्यांना कामावर उशीर होतो.

माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. कन्नड बाजारहाटापुरते येते. दवाखान्यात मला ‘एदे नोवु’, म्हणजे छातीत दुखते, एवढेच सांगता आले. खरे तर दुखत नव्हते, जीव धास्तावला होता. त्याला शब्द सापडला नाही. सासूबाई अंगारा लावतात, त्यांच्या मायेबद्दल माझी तक्रार नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे का? तोवर बसमध्ये काय करावे?

उत्तर १ : निवृत्त शिक्षक, निपाणी

ताई, जरूर जावे. आमच्या लहानपणी ‘धारवाडला नेले’, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात नेले, एवढे म्हटले की समोरचा माणूस वेडा ठरत असे, आणि त्या धाकापायी मी स्वतः निवृत्तीनंतरची दोन वर्षे रात्र-रात्र जागून काढली, पण कोणाला बोललो नाही. शेवटी मुलीने आग्रहाने नेले. गोळ्यांचा गुण दिसायला तीन-चार आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात मळमळ झाली तेव्हा मी त्या सोडणार होतो. आपल्याला गोळ्या दिल्याच, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या मध्येच बंद करू नयेत, एवढे कळकळीने सांगतो.

उत्तर २ : समुपदेशक, बेळगाव

आपल्याला न तपासता निदान करणे योग्य होणार नाही. परंतु आपण लिहिलेले वर्णन भीतीच्या झटक्याशी जुळणारे आहे. धोका नसतानाही शरीर धोक्याची तयारी करते, अ‍ॅड्रेनलिनमुळे हृदय वेगाने चालते आणि आपण भराभर श्वास घेऊ लागतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि या खुणा पाहून भीती आणखी वाढते. असा झटका बहुधा काही मिनिटांत शिखर गाठून ओसरतो. त्या वेळी श्वास हळू घ्यावा आणि सोडताना त्याहून जास्त वेळ लावावा. घेताना मनात तीन आकडे मोजले, तर सोडताना पाच-सहा मोजावेत. मात्र छातीत दाब येऊन वेदना हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, अथवा चालताना त्रास वाढला, तर भीती समजून घरी थांबू नये. त्वरित रुग्णालय गाठावे.

मच्छ्याला उतरल्यावर बरे वाटले असेल, आणि खरी अडचण तिथेच आहे, कारण उतरलो म्हणून वाचलो हे मन शिकते आणि पुढच्या वेळी बस अधिक भयंकर वाटते. म्हणून टप्पे पाडावेत. संध्याकाळी गर्दी कमी असताना उद्यमबागेत चढून पिरनवाडीला उतरावे. तेवढे अंतर सवयीचे झाले की मच्छे, मग पुढे. पहिल्या दिवसांत यजमान थांब्यावर असले तरी चालेल, नंतर त्यांनी येऊ नये. चहा-कॉफीने धडधड वाढत असेल, तर निघण्यापूर्वी ती टाळून पाहावी.

भाषेविषयी आपण लिहिले ते मला फार महत्त्वाचे वाटले. आपण ‘दुखते’ म्हणालात, म्हणून तपास हृदयाचा झाला. पुढच्या भेटीआधी कागदावर मराठीत लिहून न्यावे : कधी सुरू झाले, किती वेळ टिकले, त्या वेळी मनात काय आले, त्यानंतर काय करणे टाळले. तो कागद कोणालाही वाचून सांगता येईल.

उत्तर ३ : फाउंड्री कामगार, मच्छे

मानसिक त्रासाविषयी फोनवर बोलण्यासाठी केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि भाषा निवडता येते. त्यात मराठीही आहे. रात्रपाळीनंतर झोप उडाली तेव्हा मी तिथे बोललो होतो. आपल्या भाषेत बोलता आले याचाच मला मोठा आधार वाटला.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची आभारी आहे. काल रात्री लिहायला बसले, तर दोन पाने भरली. सासूबाईंनी ती वाचून दाखवायला सांगितली आणि ऐकून त्या म्हणाल्या की, धाकट्या दिराच्या वेळी त्यांनाही असेच होत असे. सोमवारी संध्याकाळी पिरनवाडीपर्यंत बसने जाणार आहे. यजमान थांब्यावर उभे राहतील. श्वास मोजताना शेजारच्या बाईने काही विचारले, तर मोजणे थांबवावे की तसेच चालू ठेवावे, हे समुपदेशकांनी कृपया सांगावे.