सल्ला हवाय: सख्ख्या भावांच्या कट्टर वैराला शब्द सुचवा

रानजाई:
एकांकिका लिहितेय. दोघे सख्खे भाऊ, बांधावरून कोर्टात गेलेत, एकमेकांच्या दारात पाणीसुद्धा पीत नाहीत. आजीच्या तोंडी 'वैमनस्य' टाकलं तर तालमीत सगळे हसले. काय वापरू? शिवी नको, स्पर्धेत द्यायचीय.

जुनीवही:
हसणारच की, वैमनस्य पेपरातलं, 'पूर्ववैमनस्यातून हल्ला' वगैरे, घरात असं कोण बोलतं. 'हाडवैर' घ्या. पार हाडापर्यंत गेलेलं, मध्यस्थ येऊन मिटणारं नाही.

चहाबाज:
छत्तीसचा आकडा? ३ आणि ६ पाठ फिरवून बसलेले, स्टेजवर पण तसंच बसवता येईल 😄

तिरकीरेघ:
छत्तीसचा आकडा किंवा विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणजे सासू-सून, ऑफिसातले दोघं इथपर्यंत ठीक, कोर्टकचेरीला हलकं पडतं. आणि नुसता शब्द नका शोधू, क्रियापद बघा. वितुष्ट 'येतं', म्हणजे आधी बरं होतं मग बिनसलं. डूख 'धरतात', तो एकाच बाजूने असतो आणि सापासारखा वाट बघत बसतो, समोरच्याला कधीकधी पत्ताही नसतो. खार 'खातात', त्यात जळणं जास्त. पाण्यात 'पाहतात', म्हणजे तोंड बघायला नको इतका राग (देव पाण्यात घालून बसणं वेगळं हां, ते निकालाच्या दिवशी). तुमच्या भावांचं दोन्हीकडून आणि उघड आहे ना, मग 'उभा दावा'. तो 'मांडतात'.

पाठांतर:
संस्कृतात यासाठी पाणिनीचं अख्खं सूत्र आहे, येषां च विरोधः शाश्वतिकः. ज्यांचं वैर कायमचं त्यांचा द्वंद्व समास एकवचनी, म्हणून साप-मुंगूस हे 'अहिनकुलम्'. भांडतात दोघं पण व्याकरणात एकच.

जुनीवही:
भारी आहे, पण आजी शेंगा फोडत बसलीय हो, पाणिनी कुठून आणणार ती.

रानजाई:
उभा दावा फिक्स!! कोर्टातला पण दावाच की. लगेच लिहिलं: "कोर्टातला दावा निघंल रं निकाली, ह्यो दारातला उभा दावा कोन काढनार?"

तिरकीरेघ:
मस्त. 'निघंल रं' ठेवणार असाल तर आजीचं बाकीचं बोलणं पण साताऱ्या-सांगलीकडचं करा, आणि धाकट्याला मात्र हा शब्द देऊ नका, तो 'खुन्नस' म्हणेल.