'बॅथ' म्हणणारं पोर बिघडलं, हे ठरवलं कुणी?

लीड्सकर:
परवा इथे कुणीतरी लिहिलं, "यॉर्कशायरमधल्या आपल्या मुलांचं इंग्रजी बिघडतंय. बाथला बॅथ, ग्रासला ग्रॅस म्हणतात. वेळीच वळण लावा." वाचून डोकं फिरलं. अहो, इथला, उत्तर इंग्लंडातला आखूड 'ॲ' हाच जुना उच्चार. लांब 'आ' दक्षिण इंग्लंडात रुजला तो १७व्या-१८व्या शतकांत. माझी लेक चौथीत असताना आम्ही लंडनजवळ राहायला गेलो. वर्गात ती 'ग्लॅस' म्हणाली, तर बाईंनी सगळ्यांसमोर तीनदा 'ग्लास' म्हणवून घेतलं. पुढे कितीतरी दिवस ती शाळेत पाण्यासाठी कप मागायची. शब्दच टाळायची.

सरेची मावशी:
ते मीच लिहिलंय आणि मागे घेणार नाही. माझा भाचा यॉर्कशायरमध्येच, ब्रॅडफर्डला वाढला. लंडनच्या मुलाखतीत त्याला तोंडावर सांगितलं, असं बोलणं इथे चालणार नाही. तिथे तुमचं १७वं शतक कोण ऐकतं?

लीड्सकर:
मग खोट मुलाखत घेणाऱ्याची! १९४१ साली बीबीसीने यॉर्कशायरमधल्याच हॅलिफॅक्सच्या विल्फ्रेड पिकल्सना देशभरच्या बातम्या वाचायला बसवलं. तेव्हाही आखूड 'ॲ'वरून लोकांनी तक्रारी केल्याच होत्या.

ग्लासगोची सून:
'आ'चं राहू द्या, 'र'चं बोला. पुण्याच्या कॉल सेंटरमध्ये महिनाभर आमच्याकडून 'कार', 'पार्क'मधला 'र' गिळून घेतला. इकडे स्कॉटलंडात आले, तर शेजारच्या आजी 'कार्ड' म्हणताना 'र' असा घोळवतात! तो महिना कोण परत देणार मला?

नाशिकचा मास्तर:
शिकवणाऱ्यावर घसरू नका, वहिनी. एका वर्गात साठ मुलं असतात, काहीतरी एक प्रमाण धरावंच लागतं. शब्दकोशातल्या उच्चारातही हा 'र' नसतो.

ग्लासगोची सून:
कुठल्या शब्दकोशात? डॅनियल जोन्स या ध्वनिशास्त्रज्ञाने १९१७चा उच्चारकोश केला तो दक्षिणेतल्या, बड्या निवासी शाळांत शिकलेल्या घरांच्या बोलण्यावरून. स्कॉटलंड, आयर्लंड, बहुतेक अमेरिका 'र' उच्चारते. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला डेव्हन-कॉर्नवॉलचे शेतकरीसुद्धा. आपल्या जिभेवर तो आयताच आहे, तर काढायचा कशाला?

नाशिकचा मास्तर:
बरं, 'र' चूक नाही. एवढंच मानतो. पण परीक्षेत ऐकायला येतं ते लंडनचंच असतं, तेव्हा मुलांना दोन्ही कळायला हवं.

ग्लासगोची सून:
कळायला हवं ना? मग ऐकायला शिकवा. गिळायला नको.

सरेची मावशी:
भाच्याला शेवटी उत्तरेतच, मँचेस्टरला नोकरी लागली. तिथे त्याचा 'बॅथ' कुणाला खुपला नाही, हे खरं. तरी लंडनला यायचं तर 'आ' शिकावाच लागेल.

लीड्सकर:
शिकेल की. वर्गासमोर उभं करून नको.