वाळूमाशी आणि काळा आजार: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या गोठ्यासाठी काय करावं?

प्रश्न: चिऱ्याच्या गोठ्यात संध्याकाळी बारीक, केसाळ माश्या दिसतात. मच्छरदाणीतूनही आत शिरतात. या वाळूमाश्या का? त्यांच्यापासून धोका किती?

उत्तर १: बसल्यावर पंख इंग्रजी व्ही आकारात उभे धरते, सरळ न उडता टुणटुणत जाते, लांबी २-३ मिलिमीटर: मग वाळूमाशीच. नाव फसवं आहे. ही किनाऱ्यावरच्या वाळूत नव्हे, तर ओलसर, शेणकुजट मातीत अंडी घालते. चिऱ्याची भोकं आणि सांध्यांतल्या फटी या तिच्या दिवसा लपायच्या जागा. साध्या मच्छरदाणीची भोकं तिला मोठी पडतात. बारीक विणीची किंवा कीटकनाशक लावलेली घ्या.

उत्तर २: वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणारा काळा आजार मुख्यतः बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालमध्ये आढळतो. त्यामुळे माशी दिसली म्हणजे रोग आलाच असं नाही. पण त्या भागातून आलेल्या कुणाला दोन आठवड्यांहून जास्त ताप असेल, वजन घटत असेल, पानथरी (प्लीहा) वाढली असेल, तर काळ्या आजाराची आरके३९ रक्तचाचणी करून घ्या. उगाच मलेरियाच्या गोळ्या देत बसू नका, त्यात मोलाचे दिवस जातात. मेंदूला सूज आणणारा चांदीपुरा विषाणूही वाळूमाशीच पसरवते. १९६५ मध्ये नागपूरजवळ तो सापडला. त्यावर लस नाही. लहान मुलाला अचानक ताप येऊन झटके आले तर तडक इस्पितळ गाठा.

उत्तर ३: आधी फटी सिमेंटने लिंपा, शेण रोज उचला. फवारणी आरोग्य केंद्राकडूनच करून घ्या. भिंतीला सहा फुटांपर्यंत पुरते, ही माशी फार उंच जात नाही. मात्र फवारल्यावर लगेच सारवलं किंवा चुना मारला, तर औषध झाकलं जातं आणि सगळं फुकट.