मदत हवी आहे: आईला घेऊन मुंबईला ‘इंडियन ओशन’ बँड ऐकायला जायचंय

नमस्कार मंडळी, मी इंदूरची, राजवाड्याजवळ राहते. पुढच्या महिन्यात शनिवारी रात्री मुंबईत ‘इंडियन ओशन’चा कार्यक्रम आहे, दोन तिकिटं काढलीत. सोबत आई, वय ६२. २००० साली आलेल्या त्यांच्या ‘कंदिसा’ अल्बममधलं ‘माँ रेवा’ (रेवा म्हणजे नर्मदा) हे गाणं मी कॉलेजात असल्यापासून घरात वाजतंय. महेश्वरच्या घाटावर बसून आई तेच गुणगुणते. आपल्या नळाला येणारं पाणीही नर्मदेचंच, त्यामुळे हे गाणं समोर बसून ऐकायचं तिच्या फार मनात आहे. बँडचे गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती २००९ साली गेले, त्यांना प्रत्यक्ष ऐकायचं राहूनच गेलं. आता आणखी थांबायचं नाही.

जाताना अवंतिका एक्सप्रेस ठीक आहे, सकाळी पोचते. अडचण परतीची. अवंतिका मुंबई सेंट्रलहून संध्याकाळीच सुटते, म्हणजे रात्री मुक्काम आलाच. कार्यक्रम अंधेरीकडे आहे. तिथे किंवा बोरिवलीत दोघी बायकांना राहायला साधी, स्वच्छ, लिफ्ट असलेली जागा सुचवाल का? आईचे गुडघे दुखतात. शिवाय अशा कार्यक्रमांत ज्येष्ठांना खुर्ची मिळते की तीन तास उभंच राहावं लागतं? कुणी आईवडिलांना घेऊन गेलं असेल तर नक्की सांगा.